स्नॅपवरून फ्लॅटपॅकवर जाताना नुसतं काढायचं आणि टाकायचं, एवढंच असतं का?

बिनखिडकी

मंडळी, उबुंटू लिनक्स वापरतोय. आधी २२.०४ होतं, आता २४.०४ आहे. ब्राउझर फायरफॉक्स आणि मेलचं थंडरबर्ड स्नॅपमधून आलेले आहेत, म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात बांधून देणाऱ्या उबुंटूच्या पद्धतीतून. मी स्वतः हौसेने टाकलेली आणखी पाच-सहा स्नॅप आहेत. मध्यंतरी एका मित्राने फ्लॅटपॅक ही तशीच दुसरी पद्धत लावून दिली, तेव्हापासून नवं काही लागलं की तिथूनच घेतो. शिवाय डाउनलोड्समध्ये चार अ‍ॅपइमेज (न बसवता थेट चालणारी, एकाच फाइलची अ‍ॅप) पडून आहेत.

रूटचं पार्टिशन (डिस्कचा मुख्य भाग) ६० जीबीचं आहे, त्यात आता जेमतेम ३ जीबी उरलेत. म्हणून ठरवलंय की स्नॅप बंद आणि सगळं फ्लॅटपॅकवर. प्रश्न साधा आहे. स्नॅप काढला आणि तेच अ‍ॅप फ्लॅटपॅकमधून टाकलं की झालं का? सेटिंग्ज, मेल, बुकमार्क आपोआप येतात का? आणि जागा खरंच वाचते का?

अर्धाबाइट

आलात का, या. डेब की आरपीएम हे पॅकेजच्या प्रकारांचं भांडण शिळं झालं होतं, बरं झालं नवा धागा काढलात. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतो.

टर्मिनलताई

आपोआप काहीही येत नाही. तिन्ही प्रकारांची वस्तू ठेवायची कपाटं वेगळी आहेत, हे आधी डोक्यात बसवा.

स्नॅपचं बिऱ्हाड होममधल्या (तुमच्या फायलींच्या मुख्य फोल्डरातल्या) 'स्नॅप' फोल्डरात असतं. फायरफॉक्सची प्रोफाइल तिथे फायरफॉक्स, मग कॉमन, मग डॉट मोझिला अशी आत आत जाते. फ्लॅटपॅक सगळं डॉट व्हारमधल्या 'अ‍ॅप' फोल्डरात ठेवतं, प्रत्येक अ‍ॅपच्या लांबलचक नावाने. अ‍ॅपइमेज मात्र नेहमीच्या पॅकेजसारखं थेट होममध्ये किंवा डॉट कॉन्फिगमध्ये लिहितं. त्यामुळे डेबवरून अ‍ॅपइमेजवर उडी मारली तर सेटिंग्ज जागच्या जागी सापडतात, स्नॅपवरून फ्लॅटपॅकवर मारली तर कोरी पाटी.

म्हणजे क्रम असा: दोन्ही अ‍ॅप बंद करा, जुन्या कपाटातला फोल्डर नव्यात कॉपी करा, नवं उघडून खात्री करा, आणि मगच जुनं काढा. फायरफॉक्स, थंडरबर्डमध्ये नुसती कॉपी पुरत नाही. नव्या ठिकाणी ते स्वतःची नवी प्रोफाइल बनवून बसतात. प्रोफाइल मॅनेजर उघडून तुमची जुनी निवडावी लागते. आणि जुन्या जागी आवृत्ती पुढची असेल, नव्या जागी मागची, तर ते ती प्रोफाइल उघडायला साफ नकार देतात. आधी आवृत्त्यांचे आकडे पाहून घ्या.

क्रोमियमच्या कुळातल्या (क्रोम वगैरे) ब्राउझरचं आणखी वेगळं. त्यांचे साठवलेले पासवर्ड कीरिंगमधल्या (यंत्राच्या पासवर्डच्या पेटीतल्या) किल्लीने बंद केलेले असू शकतात. फोल्डर उचलून नेला तरी कुलूप उघडेलच असं नाही. तिथे सिंक करा, नाहीतर पासवर्ड आधी एक्स्पोर्ट करून ठेवा.

कर्नलकाका

मूळ प्रश्नालाच हात घालतो. हा उपद्व्याप कशासाठी? डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या लिनक्सच्या) रेपोमध्ये, म्हणजे तिच्या पॅकेजच्या कोठारात आहे ते घ्यावं, नाही ते वापरू नये. एका लायब्ररीत (अनेक अ‍ॅप मिळून वापरतात त्या तयार कोडमध्ये) भोक सापडलं की एक पॅकेज अपडेट होतं आणि सगळी अ‍ॅप एकदम सुधारतात. तुमच्या या डब्यांमध्ये प्रत्येकाने आपापली लायब्ररी बांधून आणलेली. कोणाची कधी बदलली, कोणी पाहायचं?

शेंडेफळ

काका, रेपोमधलं माझं चित्रांचं सॉफ्टवेअर दोन वर्षं जुनं आहे. मी बग कळवला की तिकडून उत्तर येतं, 'हा कधीच दुरुस्त झालाय, नवीन आवृत्ती घ्या.' घेऊ कुठून?

कर्नलकाका

@शेंडेफळ, जुनं म्हणजे स्थिर.

अर्धाबाइट

काका स्वतःबद्दल बोलतायत बहुतेक.

लूपशून्य

जागेबद्दल. डिस्क किती भरली हे पाहायला गेलं की दहा-पंधरा लूप उपकरणं दिसतात आणि प्रत्येकापुढे १००%. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाम फुटला होता. ते स्नॅपचे स्क्वॉशएफएस (दाबून बांधलेले) डबे असतात. फक्त वाचण्यासाठी बांधलेले, म्हणून कायम गच्च भरलेलेच दिसणार. त्याचा तुमच्या मोकळ्या जागेशी संबंध नाही. माझं नाव तिथूनच पडलंय.

खरी जागा खातात त्या जुन्या आवृत्त्या. स्नॅप अपडेट झालं की मागची आवृत्ती ठेवून देतं, परत फिरायची सोय म्हणून. सगळ्या आवृत्त्यांसकट यादी मागवा, ज्यांच्यापुढे 'डिसेबल्ड' लिहिलंय त्या काढा. न हलता तीन-चार जीबी सुटू शकतात.

आणि फ्लॅटपॅकने जागा वाचते हा गैरसमज असेल तर आत्ताच काढून टाका. स्नॅपचा डबा डिस्कवरही दाबलेलाच राहतो. फ्लॅटपॅक उलगडून मांडतं. पहिलं अ‍ॅप टाकलं की त्याच्यामागे रनटाइमची (अ‍ॅपला चालायला लागणाऱ्या सामायिक भागांची) वरात येते, जीबीच्या घरात. दुसरं अ‍ॅप तोच रनटाइम वापरत असेल तर ते हलकं जातं, पण एक ग्नोम डेस्कटॉपवाला, एक केडीई डेस्कटॉपवाला, एक जुन्यावर अडकलेला असं झालं की तीन वराती.

सुडो_म्हणे

जागेचं राहू द्या. स्नॅप सोडायची खरी कारणं वेगळी आहेत. दुकान एकच, ते उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल चालवते आणि त्याच्या मागची सर्व्हरची बाजू बंदिस्त. फ्लॅटपॅकमध्ये फ्लॅटहब हे नेहमीचं दुकान नको असेल तर दुसरा रेपो जोडा, स्वतःचा उभा करा, कोणी अडवत नाही. उबुंटूवर बेतलेल्या लिनक्स मिंटने २०२० मध्ये २०व्या आवृत्तीत स्नॅप मुळातच अडवून ठेवलं ते उगाच नाही. त्यात ते दिवसातून चार वेळा अपडेट शोधणं! चालू कामात ब्राउझर म्हणतो, मला बंद करा.

टर्मिनलताई

@सुडो_म्हणे, दुकानाच्या मुद्द्याला +१. अपडेटचं मात्र जुनं झालं. २०२२ च्या अखेरीपासून 'होल्ड' आलंय. हव्या त्या अ‍ॅपचं अपडेट हवं तितके दिवस, नाहीतर कायमचं रोखता येतं.

सुरक्षिततेवर कोणीतरी येणारच आहे, म्हणून आधीच सांगते. २०१८ मध्ये स्नॅपच्या दुकानात २०४८ या खेळाच्या एका पॅकेजमध्ये चोरून क्रिप्टो नाणी खोदणारा प्रोग्राम सापडला होता, हे खरं. पण फ्लॅटपॅक म्हणजे अभेद्य तिजोरी असंही नाही. ज्या अ‍ॅपने अख्ख्या होमची परवानगी मागून घेतली, त्याचा सँडबॉक्स (भोवतीचं कुंपण) दार उघडं टाकून खिडकीला कडी लावल्यासारखा. फ्लॅटसील हे परवानग्या दाखवणारं अ‍ॅप टाका आणि प्रत्येक अ‍ॅपला काय काय दिलंय ते एकदा डोळ्यांखालून घाला. मी घातलं तेव्हा एका साध्या संगीत वाजवणाऱ्या अ‍ॅपकडे माझ्या सगळ्या फायलींच्या चाव्या होत्या.

खाट_पडलेला_सर्व्हर

ताईंच्या बोलण्याला जोडून. डबा कुठला यापेक्षा डबा भरला कोणी, हे बघा. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएस स्टुडिओचं उदाहरण आहे. त्यांचं अधिकृत फ्लॅटपॅक फ्लॅटहबवर होतं, आणि फेडोरा या डिस्ट्रोने आपल्या रेपोमध्ये स्वतः बांधलेलं वेगळं फ्लॅटपॅक ठेवलेलं. ते नीट चालत नव्हतं आणि तक्रारी मूळ प्रकल्पाकडे जायच्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रकरण कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यापर्यंत गेलं, मग मिटलं. दोन्हीकडे फ्लॅटपॅकच! फ्लॅटहबवर आता नावाशेजारी पडताळणीची खूण असते. ती नसेल तर बांधणारा कोणी तिसराच आहे, हे धरून चाला. वाईटच असेल असं नाही, पण तिसरा.

बूटपॉलिश

माझा अनुभव लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी हौशी व्हिडिओ जोडतो. डेब काढून फ्लॅटपॅक टाकलं, सेटिंग्ज नीट हलवल्या, खूश झालो. एक प्रोजेक्ट नव्याने केला, त्यात दुसऱ्या डिस्कवरच्या क्लिप घेतल्या. महिन्याने काही कारणाने परत डेबवर आलो, तर निम्म्या क्लिप लाल. फाइल सापडत नाही म्हणे. प्रोजेक्टची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर पत्ते असले विचित्र: रन, युजर, १०००, डॉक आणि मग अगम्य अक्षरं.

भानगड अशी. ज्या फोल्डरची परवानगी अ‍ॅपला नाही, तिथली फाइल तुम्ही उघडायच्या खिडकीतून निवडली की पोर्टल नावाचा मध्यस्थ तिला एक तात्पुरता पत्ता देऊन आत पाठवतो. अ‍ॅपला वाटतं फाइल तिथेच राहते, आणि ते तोच पत्ता लिहून ठेवतं. बाहेरच्या जगात त्या पत्त्यावर कोणी राहत नाही. उपाय म्हणजे काम सुरू करण्याआधी त्या डिस्कची परवानगी फ्लॅटसीलमधून देऊन ठेवायची, म्हणजे खरे पत्ते लिहिले जातात. मी ७० क्लिपचे पत्ते हाताने बदलले. दोन रात्री.

लूपशून्य

शोधा-आणि-बदला नावाची सोय असते हो एडिटरमध्ये.

बूटपॉलिश

@लूपशून्य, प्रत्येक क्लिपचं अगम्य अक्षर वेगळं होतं. हे तुम्ही विचारणार हे माहीत होतं म्हणून वर लिहायला हवं होतं.

खाट_पडलेला_सर्व्हर

स्नॅपमध्ये याच्या उलट गंमत. होममधल्या डॉटने सुरू होणाऱ्या फोल्डरांकडे कडक बंदिस्त स्नॅप बघतही नाही, आणि बाहेरची डिस्क वाचायची परवानगी बरेचदा हाताने जोडून द्यावी लागते. कोड लिहिणाऱ्यांचं दोन्हीकडे हाल. फ्लॅटपॅकमधल्या एडिटरला तुमच्या मशीनवरचा कंपायलर (कोडचा प्रोग्राम बनवणारा) दिसत नाही. तो शेजारच्या खोलीत आहे आणि मधे भिंत. म्हणूनच स्नॅपमध्ये असे एडिटर 'क्लासिक' प्रकारात येतात, म्हणजे भिंतच नाही. मग डब्यात घातलं कशाला, हा काकांचा प्रश्न मी काकांच्या वतीने विचारून टाकतो.

कर्नलकाका

धन्यवाद.

शेंडेफळ

अवांतर: एका नोंदींच्या अ‍ॅपइमेजमध्ये देवनागरी टंकताच येत नव्हतं. बाकी सगळीकडे येतंय, तिथेच नाही. दोन दिवस कीबोर्डच्या सेटिंग्ज उपसल्या. शेवटी कळलं की मी टंकायला फसिटिक्स वापरते आणि त्या डब्यात क्यूटीचं (खिडक्या-बटणं बनवणाऱ्या लायब्ररीचं) फसिटिक्सशी बोलणारं प्लगइन बांधलेलंच नव्हतं. तेच अ‍ॅप फ्लॅटपॅकमधून घेतलं, आल्या आल्या 'क्ष' उमटला. भरून आलं.

अर्धाबाइट

'ज्ञ' आला का? तो आला की खरं.

सुडो_म्हणे

अ‍ॅपइमेजचं नाव निघालंच आहे तर, २२.०४ पासून उबुंटूत ते चालायला लागणारं लिबफ्यूज २ आधीपासून नसतं, त्यामुळे जुन्या अ‍ॅपइमेजवर डबल क्लिक केलं की काहीच होत नाही. ना खिडकी, ना तक्रार. ते पॅकेज टाकायचं किंवा अ‍ॅपइमेज उलगडून चालवायचं. २४.०४ मध्ये दुसरी अडचण. साध्या युजरला नेमस्पेस (सँडबॉक्ससाठी लागणारी वेगळी खोली) बनवायला अ‍ॅपआर्मर हा उबुंटूचा पहारेकरी आडकाठी करतो, म्हणून इलेक्ट्रॉनवर (क्रोमियम पोटात घेऊन चालणाऱ्या साच्यावर) बांधलेली बरीच अ‍ॅपइमेज सँडबॉक्सची तक्रार करत पडतात. 'नो-सँडबॉक्स' लावून चालवा असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. तसं करू नका, निदान सवय लावून घेऊ नका.

बिनखिडकी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बसलोच. जुन्या आवृत्त्या काढल्या, ३ जीबी सुटले (@लूपशून्य, जय हो). फायरफॉक्सची प्रोफाइल ताईंनी सांगितल्याप्रमाणे हलवली, पासवर्डसकट सगळं आलं. मग हुरूप येऊन आणखी चार स्नॅपही काढली, थंडरबर्ड धरून. मेल काय, सर्व्हरवर असतातच, नव्याने उतरतील.

पण जागा वाढलीच नाही!  एवढं काढल्यावर सुटायला नको का? शोधताना दिसलं की स्नॅपने ६ जीबीचे काहीतरी 'स्नॅपशॉट' करून ठेवलेत. ते विसरायला लावायची, 'फर्गेट'ची आज्ञा सापडली. चालवून टाकू ना?

टर्मिनलताई

थांबा. काहीही चालवू नका.

स्नॅप काढताना ते अ‍ॅपच्या डेटाची एक प्रत आपणहून बांधून ठेवतं आणि ३१ दिवसांनी स्वतःच टाकून देतं. 'पर्ज' लावून काढलं असतं तर ती प्रतही झाली नसती. ६ जीबीची प्रत म्हणजे त्यात मेलच असणार. तुमचं खातं आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात) आहे की पॉप (मेल यंत्रावर उतरवून घेतात)?

बिनखिडकी

आयमॅप. दोन खाती आहेत, दोन्ही.

थांबा, बघतो.

बिनखिडकी

तिसरं आहे. कॉलेजपासूनचं. पॉप आहे, आणि सर्व्हरवरून लगेच काढून टाका अशी टिक केलेली होती. मीच केली होती.

कर्नलकाका

अरे देवा.

अर्धाबाइट

मी खुर्ची जवळ ओढतो. यावेळी गंमत म्हणून नाही.

टर्मिनलताई

घाबरू नका, प्रत आहे तोवर मेल आहेत. आधी 'सेव्ह्ड'ची यादी मागवून थंडरबर्डपुढचा क्रमांक टिपा. थंडरबर्डचा स्नॅप परत टाका, उघडू नका. मग तो क्रमांक देऊन 'रिस्टोअर' करा. होममधल्या स्नॅप फोल्डरात, थंडरबर्डच्या कॉमनमध्ये डॉट थंडरबर्ड परत दिसायला हवा. तो आधी बाहेरच्या डिस्कवर. जागा ३-४ जीबीच असेल तर रिस्टोअर अर्ध्यात अडकेल, म्हणून आधी काहीतरी हलवा.

सुडो_म्हणे

आणि इथल्या आज्ञा देवनागरीत आहेत, तशाच टर्मिनलमध्ये चिकटवू नका. मागच्या धाग्यात एकाने 'सुडो' (प्रशासकाच्या अधिकाराने चालवायचा शब्द) टंकून यंत्राने ओळखलं नाही म्हणून भांडण काढलं होतं.

बिनखिडकी

आले. सगळे आले. २००९ पासूनचे.

डाउनलोड्समधला पसारा बाहेरच्या डिस्कवर हलवून ९ जीबी केले, मग रिस्टोअर. पहिल्यांदा सुडो लावायला विसरलो, तेवढ्यात जीव गेला होता. फोल्डर दिसल्यावर थंडरबर्ड उघडलंच नाही, सरळ दोन प्रती केल्या. मग फ्लॅटपॅकच्या थंडरबर्डमध्ये प्रोफाइल नेली, तर तेच ताईंनी सांगितलेलं, नव्या कोऱ्या प्रोफाइलवर उघडलं. मॅनेजरमधून जुनी निवडली. तिसऱ्या खात्याची ती टिक आता काढलीय.

ताई, तुम्ही 'थांबा' लिहिलंत तेव्हा आज्ञा टर्मिनलमध्ये टंकून तयार होती. एंटर बाकी होतं.

शेंडेफळ

हे वाचून मी उठून बॅकअप घेतला. वाचनखूण साठवली.

लूपशून्य

सुटलात. आता जागेचा मूळ प्रश्न. फ्लॅटपॅकची स्थापना दोन प्रकारे होते, अख्ख्या यंत्रासाठी किंवा एका युजरसाठी. मित्राने टर्मिनलमधून 'युजर' लावून टाकली असतील आणि तुम्ही सॉफ्टवेअरच्या दुकानातून, तर तेच रनटाइम दोनदा बसलेले असतील. यादीत शेवटचा रकाना बघा.

एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही बघा. फ्लॅटपॅकला तुमच्या ड्रायव्हरच्या नेमक्या आवृत्तीचा जोडभाग लागतो. ड्रायव्हर बदलला की नवा येतो, जुना रेंगाळू शकतो. 'अनइन्स्टॉल'ला 'अनयूज्ड' लावून चालवलं की बिनकामाचे रनटाइम आणि हे असले पाहुणे बहुतेक निघतात.

बिनखिडकी

निघाले! फ्रीडेस्कटॉप रनटाइमचे २२.०८, २३.०८, २४.०८ तिन्ही होते, त्यातला २३.०८ दोनदा. युजरवाली सगळी काढून यंत्रावर टाकली. २२.०८ अजून आहे, एक अ‍ॅप त्याला धरून बसलंय आणि दर अपडेटला इशारा येतो की याचा सांभाळ संपला.

खाट_पडलेला_सर्व्हर

ते अ‍ॅप बदला. रनटाइमचा सांभाळ संपला म्हणजे त्यातल्या भोकांना आता ठिगळ लागणार नाही. काकांचं पहिलं म्हणणं इथे खरं ठरतं, हे कबूल करावं लागेल.

कर्नलकाका

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कर्नलकाका

'मी म्हटलंच होतं' असं लिहिलं होतं. शोभलं नाही, काढलं.

सुडो_म्हणे

@बिनखिडकी, एक खोच राहिली. पुढे कधी सवयीने एपीटीने (उबुंटूच्या डेब बसवणाऱ्या आज्ञेने) फायरफॉक्स किंवा थंडरबर्ड मागवलंत, तर उबुंटूत ते डेब पोकळ असतं, मागच्या दाराने स्नॅपच आणतं. फायरफॉक्सचं डेबच हवं असेल तर ते बनवणाऱ्या मोझिलाचा स्वतःचा एपीटी रेपो जोडून त्याला प्राधान्य द्या. फ्लॅटपॅकवर खूश असाल तर ती आज्ञा विसरा.

बिनखिडकी

सध्याची स्थिती. थंडरबर्ड आणि बहुतेक सगळं फ्लॅटपॅकवर. फायरफॉक्स शेवटी मोझिलाच्या डेबवर आणला, कारण फ्लॅटपॅकमधून पासवर्डच्या अ‍ॅपशी त्याचं बोलणं होईना. एक स्नॅप ठेवलाय, कोड एडिटर, क्लासिक. मोकळी जागा १७ जीबी. थंडरबर्डचा तो स्नॅपशॉट अजून काढलेला नाही, ३१ दिवस भरतील तेव्हा जाईल.

अर्धाबाइट

सगळं फ्लॅटपॅकवर नेणार होतात ना?

बिनखिडकी

हो.

शेंडेफळ

आणि डाउनलोड्समधली ती चार अ‍ॅपइमेज?

बिनखिडकी

एक वापरतो. दुसरी आणि तिसरी एकाच अ‍ॅपच्या जुन्या आवृत्त्या निघाल्या, उडवल्या. चौथी कशाची आहे ते नावावरून कळत नाहीये आणि उघडायचं धाडस होत नाहीये.